पुढचा ब्रेक शोभेचा

माझ्या बायकोने, म्हणजे विभाने, जपानमध्ये स्वतःच्या हातांनी मोटार बांधली. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात. त्यांना वाटतं, गाडी मीच बांधली असणार आणि कौतुकाने बायकोचं नाव पुढे करतोय. मी रसायनशास्त्राचा माणूस आहे. घरातला दिवा बदलायचा तर मी स्टूल धरतो आणि ती वर चढते. या मोटारीत माझा वाटा एवढाच, की ती गाडीखाली झोपलेली असताना मी डबा पोचवत होतो.

आम्ही टोकियोला लागून असलेल्या ग्योतोकुला राहतो. मी टोकियोतल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी आलो, तेव्हा विभा भोसरीच्या कारखान्यात गिअरबॉक्स डिझाइन करत होती. ती नोकरी सोडून माझ्याबरोबर आली. इथे तिच्या व्हिसावर ‘कुटुंबीय’ असा शिक्का पडला. तो शब्द तिला फार लागला. "म्हणजे मी तुझं सामान," असं ती म्हणायची.

मग अकरा सालचा भूकंप झाला. आमच्याकडे खाडीलगतच्या गल्ल्यांमध्ये जमीन फाटून करडी, ओली वाळू वर आली होती. पुण्याहून विभाचे वडील, नाना, दिवसातून चार वेळा फोन करून "परत या" म्हणत होते. आम्ही गेलोही. पण पुण्यात तिसऱ्या आठवड्यात विभाच म्हणाली की इथे बसून बातम्या बघण्यापेक्षा तिथे जाऊन वाळू उपसलेली बरी. आणि तिने खरोखर तेच केलं. परत आल्यावर एक फावडं विकत आणलं आणि गल्लीत उतरली. तिथे कानेमारू-सान नावाचे एक साठीचे गृहस्थ आपल्या गाडीदुरुस्तीच्या दुकानातून एकट्यानेच वाळू काढत होते. विभाने काही न विचारता दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. वाळू संपली तेव्हा तिने तिथला बिघडलेला जॅक खोलून पाहिला, आणि पुढच्या महिन्यापासून ती त्या दुकानात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करू लागली.

दुकानाच्या मागच्या खोलीत लाकडी खोकी पडून होती. एका गिऱ्हाइकाने इंग्लंडहून मोटारीचा संच मागवला होता. नुसता सांगाडा, इंजिन, चाकं आणि खोकी भरून नट-बोल्ट. घरी बसून जोडायची उघडी, दोन माणसांची गाडी. भूकंपानंतर तो गृहस्थ बायकामुलांना घेऊन लांब दक्षिणेला, क्युशू बेटावर निघून गेला आणि जाताना म्हणाला, याचं काय हवं ते करा. कानेमारू-सान विभाला म्हणाले, "तुम्ही बांधा. काम संपल्यावर."

तिने बांधली. मधे तिचं जपानी सुधारलं, माझी नोकरी कायम झाली, तिचे पोळपाट-लाटणं धरायचे हात ग्रीसने कायमचे काळे झाले. पोळ्या मी करू लागलो. त्या गोल होत नाहीत, पण गोल पोळीच पोटात जाते असं कुठे लिहिलंय?

सोळा सालच्या हेमंतात नाना आमच्याकडे आले. गाडी तेव्हा जवळजवळ तयार होती. विभाच्या मनात एकच होतं: नाना परत जायच्या आत एकदा या गाडीत, तिच्या शेजारी बसले पाहिजेत. ही साधी गोष्ट वाटेल. आमच्या घरात ती साधी नव्हती.

नाना, म्हणजे दिगंबरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. देवभोळे नाहीत, सोवळंओवळं नाही, पण एक नियम त्यांनी देवासारखा पाळला होता. घरच्या माणसाने चालवलेल्या गाडीवर घरचं माणूस बसणार नाही. विभा जन्मायच्या आधी ते आणि सासूबाई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, जेजुरीहून स्कूटरवर परत येत होते. दिवे घाटाच्या उतारावर रस्त्यात खडी पसरलेली होती. स्कूटर पडली. नानांना खरचटलं आणि मागे बसलेल्या माईंचं कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या एक पाय ओढत चालतात. इतक्या लांबचा विमानप्रवासही त्यांना झेपत नाही, म्हणून नाना एकटेच आले होते. पडण्याचं कारण घरात सगळ्यांना पाठ होतं: नानांच्या हातून पुढचा ब्रेक दाबला गेला. नानांनी स्कूटर विकली आणि पुन्हा कुठल्याही हँडलला हात लावला नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नाना तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. विभा कॉलेजात गेल्यावर महिनाभर वाद होऊन तिला लहानशी स्कूटर मिळाली, पण ती घरी आली त्याच दिवशी नानांनी पान्हा घेऊन पुढच्या ब्रेकची वायर ढिली करून टाकली. "पुढचा ब्रेक शोभेचा असतो," हे त्यांचं वाक्य. "तो दाबला की पालथं पडायचं. मागचा वापर, सेफ साइडला राहशील." डबलसीट कुणालाही घ्यायचं नाही आणि कुणाच्या मागे बसायचंही नाही. आमचं लग्न ठरल्यावर मी मोठ्या ऐटीत तिला फिरायला न्यायला गाडी घेऊन गेलो, तर ही तिच्या स्कूटरवर माझ्या मागून येत राहिली. पुण्यात मी एकटाच असा असेन, ज्याची होणारी बायको सिग्नलला शेजारी येऊन उभी राहायची.

तर आता या नानांना शेजारी बसवायचं होतं.

"गाडी बघतो," ते म्हणाले. "नारळ मिळाला तर फोडतो. हार घालतो. बसणार नाही."

"नाना, मी बांधलीय ती."

"म्हणूनच बसत नाही."

ते कुत्सितपणे बोलत नव्हते. त्यांना खरंच भीती वाटत होती आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटत होती. विभाला मात्र ऐकू आलं ते वेगळंच. ती रात्री मला म्हणाली, "इंजिनिअर होऊन मी काय केलं, हे त्यांना एकदा दिसू दे, एवढंच मागतेय मी. माझ्यावर विश्वास नाही त्यांचा." मी म्हणालो, विश्वासाचा प्रश्न नाही. ती म्हणाली, दुसरा कसला आहे मग?

नानांच्या जाण्याच्या आधीच्या आठवड्यात गाडीचे ब्रेक बसवून झाले. या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या ब्रेकला तेल ढकलणारे दोन वेगळे सिलिंडर असतात आणि पायाखालचा एकच पेडल दोघांनाही ढकलतो. मधे एक दांडी असते. दोघं जण बांबूवर हंडा नेत असले तर हंडा ज्याच्या बाजूला सरकेल त्याच्या खांद्यावर भार जास्त. ती दांडी तसंच काम करते. पान्ह्याने फिरवली की पायाचा जोर पुढे जास्त जायचा की मागे, हे ठरतं. मला एवढं समजलं याचाच मला अभिमान आहे.

जेवताना विभा म्हणाली, "ब्रेक मस्त लागतायत. सेफ साइडला मागचा जरा जास्त ठेवलाय."

"शहाणी आहेस," नाना म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली. आम्ही तिघंही जेवत राहिलो. कुणालाही त्यात काही खटकलं नाही.

कानेमारू-सानना मात्र गाडी सरकारी तपासणीला न्यायच्या आधी उघड्या जागेत पाहायची होती. तपासणीच्या यंत्रावर गाडी जागेवर उभी असते आणि नुसती चाकं फिरतात, त्यामुळे ती खरी थांबते कशी हे जमिनीवरच कळतं, असं त्यांचं म्हणणं. खाडीजवळच्या एका गोदामाचं अंगण रविवारी रिकामं असायचं. मालक त्यांच्या ओळखीचा. आम्ही सकाळी तिथे गेलो. नाना "लांबून बघतो" म्हणून आले.

पद्धत सोपी होती. काँक्रीटवर नळीने पाणी मारायचं, म्हणजे चाकं लवकर घसरतात. चारही टायरांच्या कडेला खडूने पांढरी रेघ काढायची. विभाने गाडी वेगात आणून ब्रेक मारायचा आणि बाजूला उभ्या असलेल्यांनी बघायचं, कुठल्या चाकाची रेघ आधी फिरायची थांबते. पुढचं चाक किंचित आधी थांबलं पाहिजे. कानेमारू-सान पुढच्या चाकाकडे बघणार होते. मागच्या चाकाकडे बघायला माणूस हवा होता. मी नळी धरली होती. विभा म्हणाली, "नाना, तुम्ही बघाल? बसू नका. फक्त बघा." नाना हातातली पिशवी माझ्याकडे देऊन जागेवर उभे राहिले. सरकारी कामाला उभं राहावं तसे ताठ.

पहिल्यांदा ती हळू आली आणि गाडी थांबली. दुसऱ्यांदा हेल्मेटचा पट्टा घट्ट करून ती लांबवर गेली आणि वेगात आली. पाण्यावर आल्यावर तिने ब्रेक मारला, आणि गाडीची शेपटी डावीकडून पुढे आली. सगळी गाडी गरकन फिरली आणि आली तिकडे तोंड करून बंद पडली. अंगण मोठं होतं म्हणून कुठे आदळली नाही. माझ्या हातातली नळी माझ्याच बुटांवर पाणी ओतत होती, हे मला नंतर कळलं.

विभा उतरली. ती हसत होती, पण तोंड पांढरं पडलं होतं.

"मागचं आधी धरतंय," कानेमारू-सान म्हणाले. "दांडी मागच्या बाजूला आहे का?"

"हो. मी मुद्दाम ठेवलीय. सुरक्षित म्हणून."

"मागच्या बाजूला सुरक्षित?" त्यांनी विचारलं. ते टोमणा मारत नव्हते. हिच्या हिशोबात आपल्याला न कळलेलं काही असेल, असं त्यांना वाटलं असावं. ते उत्तराची वाट बघत राहिले.

विभाने वाकून पेडलकडे पाहिलं. मग ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "नंदू, ब्रेक मारला की वजन पुढे येतं. पुढचं चाक जमिनीला दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हे मी परीक्षेत लिहिलंय. कागदावर काढलेला आकडापण बरोबर होता. मग पान्हा हातात घेतल्यावर दर वेळी मी थोडा मागे का फिरवत बसले?"

मला उत्तर ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तिने वडिलांकडे पाहिलं.

"नाना," ती म्हणाली, "हा तुमचा ब्रेक आहे." तिचा आवाज चढला होता. "सेफ साइड, सेफ साइड! वीस वर्षं झाली, माझ्या हाताला अजून तुमचीच सवय आहे."

नाना तिचं ऐकतच नव्हते. ते गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत होते.

"रेघ थांबली होती," ते म्हणाले. "मी बघितलं. रेघ खाली जमिनीपाशी थांबली, आणि गाडी तरीही चालतच होती."

"हो. चाक लॉक झालं."

"आणि मग मागचं पुढे आलं. डावीकडून."

"हो, नाना."

तिथे एक रिकामा क्रेट पालथा पडला होता. नाना त्यावर बसले. मी पाणी बंद करून आलो.

"तशीच फिरली होती," ते म्हणाले. "अगदी तशीच. माझ्या डाव्या हाताला घाटाची भिंत होती आणि मागचं चाक तिकडून पुढे आलं." त्यांनी आपला उजवा हात वर धरून पाहिला. "पुढच्या ब्रेकला मी हातच लावला नव्हता गं. मला माझ्या काकांनी शिकवलं होतं, पुढचा वापरायचा नाही. मी नुसता पायाचा दाबला. होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला."

"मग पुढचा ब्रेक दाबला गेला असं का सांगत आलात?" विभाने विचारलं.

"सासवडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ‘पुढचा दाबलात ना?’ सगळे तेच करतात म्हणाले. मी हो म्हटलं. तुझी आई आत ओरडत होती. त्यांनी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मग घरी सगळ्यांनी तेच विचारलं. दहा जणांना सांगून झाल्यावर मलाही तेच आठवायला लागलं. आणि ज्याच्यामुळे तुझी आई पडली, तेच मी तुला शिकवलं. वायर ढिली करून शिकवलं."

मला त्यांची दया आली. रागही आला, खोटं कशाला सांगू? आत्ता समोर गरकन फिरलेल्या गाडीत माझी बायको बसली होती. विभाला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढाच काळ्या बोटांचा डाग त्यांच्या स्वेटरवर पडला. मग ती पान्हा घेऊन गाडीत उलटी शिरली, पेडलपाशी डोकं घालून. तिचे पाय बाहेर लोंबकळत होते. कानेमारू-सानना आमच्या बोलण्यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून नानांसमोर धरला आणि नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

या वेळी तिने आपला कागदावरचा आकडाच लावला. मग एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा गाडी पाण्यावर आणली. दोन वेळा थांबून दांडी पुन्हा किंचित फिरवली. शेवटी पुढची रेघ आधी थांबू लागली, मागची तिच्या पाठोपाठ, आणि गाडी नाक न हलवता सरळ रेषेत उभी राहू लागली. नाना उठून पुढच्या चाकापाशी आले होते. कानेमारू-सानच्या शेजारी वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, ते बघत होते.

विभा इंजिन बंद न करता बसून राहिली. तिने त्यांना बोलावलं नाही. आजवर इतक्यांदा बोलावून झालं होतं.

नाना गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले. दार नव्हतंच. त्यांनी बूट काढले, जोडीने बाजूला ठेवले आणि मोज्यांनी आत पाय टाकला. इथल्या घराघरांत बूट काढून काढून त्यांना सवय लागली होती, की देवळात शिरल्यासारखं वाटलं, कोण जाणे. मला हसू आलं आणि कानेमारू-सानकडे पाहून मी ते आवरलं, कारण ते जराही हसत नव्हते. त्यांनी आपलं हेल्मेट नानांच्या डोक्यावर ठेवून पट्टा लावून दिला.

गाडी लांब गेली, वळली, आली. विभाने ब्रेक मारला. नाना सीटच्या पट्ट्यात पुढे झुकले आणि गाडी सरळ थांबली.

"जोरात होता का हा?" नानांनी विचारलं.

"नाही."

"मग जोरात मार."

ती पुन्हा गेली. पुन्हा थांबली. "परत," नाना म्हणाले. ते किती वेळा परत म्हणाले ते मी मोजलं नाही. दर वेळी गाडी थांबली की ते मान वळवून मागे बघत, मागचं कुठे गेलं का ते. ते जागेवरच असे. शेवटी विभाने गाडी आमच्यापाशी आणून बंद केली. नाना खाली उतरले नाहीत. ते मला म्हणाले, "नंदकिशोर, पुण्याला फोन लावता का?"

पुण्यात सकाळ होती. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. पडद्यावर माई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून मटार सोलत होत्या.

"अहो, हे डोक्यावर काय घातलंय?"

"विभाच्या गाडीत बसलोय."

माईंचा हात शेंगेवर थांबला. "बसलात?"

"बसलो. अगं, ऐक. तुला एक सांगायचंय." नानांना नीट सुरुवात करता येईना. "त्या दिवशी घाटात. पुढचा ब्रेक नव्हता लागला. मी मागचाच दाबला होता. चूक माझी होती. इतकी वर्षं मी भलतंच सांगत आलो."

"मला माहितीये," माई म्हणाल्या.

"काय माहितीये?"

"मागे मीच बसले होते ना? माझ्या खालून चाक सरकलं. तुमच्या आधी मला कळलं ते."

नानांनी फोन जवळ घेतला. "मग बोलली का नाहीस कधी?"

माईंनी शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले आणि मग वर पाहिलं. "दवाखान्यात तुम्ही रोज माझ्या उशाशी येऊन बसायचात आणि त्या ब्रेकला शिव्या द्यायचात. तो ब्रेक काढून घेतला असता, तर तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघता आलं असतं का?"

नानांच्या हातातला फोन खाली यायला लागला, तेव्हा विभाने शेजारून हात लावून तो सांभाळला. पडद्यावर माई थांबून होत्या.

"सकाळची गोळी घेतलीस का?" नानांनी विचारलं.